‘नोंद नाही’ आणि ‘नोंद मिळाली नाही’ : प्रस्तावना

सातपुड्याच्या ज्या टेकडीवर आंबागडचा किल्ला उभा आहे, त्या टेकडीच्या सावलीत बसून संगणकाच्या सी भाषेतील पाच-सहा फंक्शनांवर मराठीत पुस्तक लिहावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मुलखातील माणसाच्या आयुष्यातली बरीच खटपट कोणत्या ना कोणत्या दप्तरातून स्वतःच्या नावाची नोंद हुडकून तिची नक्कल मिळवण्यात खर्ची पडते, त्या मुलखात राहणाऱ्या लेखकाला हा विषय परका वाटण्याचे काहीच कारण नाही. वापरकर्त्याच्या खात्याची नोंद शोधणे एवढेच या फंक्शनांचे काम आहे. तुमसरच्या तहसील कचेरीत खातेउतारा मागणाऱ्या शेतकऱ्याचे काम आणि यंत्राच्या पोटात खात्याचा तपशील मागणाऱ्या प्रोग्रामचे काम, ही दोन्ही मुळात एकाच जातीची आहेत, आणि दोहोंत होणारे अन्यायही एकाच जातीचे आहेत, असे मला अनुभवाने कळून चुकले आहे.

आमच्या भागात मालगुजारीची पद्धत होती तेव्हा पटवाऱ्याच्या बस्त्यात खसरा आणि जमाबंदी अशी दोन निरनिराळी पत्रके असत. खसरा शेतांच्या क्रमांकांच्या अनुक्रमाने लिहिलेला असे. जमाबंदी जमीन धारण करणाराच्या नावाने मांडलेली असे. अमुक क्रमांकाचे शेत कोणाच्या ताब्यात आहे, असे विचारणाऱ्याने खसऱ्याकडे वळावे आणि अमुक इसमाकडे कोणती शेते आहेत, असे विचारणाऱ्याने जमाबंदीकडे वळावे, असा शिरस्ता होता. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, १९५६ साली भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला, आणि पत्रकांची नावे पालटून सातबारा व आठ-अ अशी झाली. प्रश्न मात्र दोनच राहिले, क्रमांकावरून माणूस आणि माणसावरून क्रमांक. प्रस्तुत पुस्तकात ज्यांचा ऊहापोह केला आहे त्या फंक्शनांपैकी जी दोन मुख्य, ती याच दोन प्रश्नांसाठी निर्माण झालेली आहेत.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागली, आणि एकाच यंत्रावर अनेक माणसांनी काम करावयाचे असल्यामुळे कोण कोण काम करणार याची एक यादी ठेवणे तिला प्रारंभापासूनच भाग पडले. ही यादी म्हणजे ईटीसी या डिरेक्टरीतील पासडब्ल्यूडी नावाची फाईल. तिच्यात दर माणसाला एक ओळ, आणि दर ओळीत अपूर्णविरामाच्या चिन्हाने विभागलेले सात रकाने : लॉगिनचे नाव, पासवर्ड, वापरकर्त्याचा क्रमांक, त्याच्या मुख्य गटाचा क्रमांक, पूर्ण नाव आदी माहिती, होम डिरेक्टरीचा मार्ग आणि लॉगिन होताच सुरू व्हावयाचा शेल. (येथे गट म्हणजे जमिनीचा गट नव्हे, वापरकर्त्यांचा समूह, हे आमच्या बाजूच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो.) ही फाईल कोणालाही उघडून वाचता येते; तथापि प्रत्येक प्रोग्रामने ती आपापल्या परीने वाचून रकाने तोडत बसण्यापेक्षा लायब्ररीने ते काम एकदाच नीट करावे, या विचाराने १९७९ च्या सातव्या आवृत्तीत गेटपीडब्ल्यूनेम आणि गेटपीडब्ल्यूयूआयडी ही फंक्शने आली. पहिल्याला नाव द्यावे, दुसऱ्याला क्रमांक द्यावा. दोन्ही सातही रकान्यांची जुळवलेली नोंद परत देतात. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने दोहोंना मान्यता दिली, आणि आज लिनक्सवर चालणारा असा क्वचितच एखादा महत्त्वाचा प्रोग्राम सापडेल, की जो प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने त्यांच्या दारी जात नाही.

नवशिक्याला येथे एक गोष्ट आश्चर्याची वाटते, आणि ती वाटावी अशीच आहे. कार्यप्रणालीच्या गाभ्याला, ज्याला कर्नल म्हणतात त्याला, कोणत्याही माणसाचे नाव ठाऊक नसते. फाईलवर मालकाचा म्हणून जो शिक्का बसतो तो केवळ क्रमांकाचा. आपण फाईलींची सविस्तर यादी मागतो तेव्हा मालकाच्या जागी जे नाव उमटते ते यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामने त्याच क्षणी गेटपीडब्ल्यूयूआयडीला विचारून आणलेले असते. खाते काढून टाकलेले असेल तर नावाच्या जागी उघडा क्रमांक तेवढा दिसतो. म्हणूनच निघून गेलेल्या माणसाचा क्रमांक नव्या माणसाला दिला, की जुन्याच्या मागे राहिलेल्या साऱ्या फाईली, कसलाही फेरफार मंजूर न होता, नव्याच्या मालकीच्या होऊन बसतात. शून्य हा क्रमांक ज्याच्याकडे आहे तो यंत्राचा सर्वाधिकारी, मग त्याचे नाव काहीही असो. दोन नावांना एकच क्रमांक देता येतो, आणि तसे झाले असता क्रमांकावरून विचारणाऱ्याला यादीत जे नाव आधी सापडेल तेच मिळते. नाव माणसांच्या सोयीसाठी आहे आणि हक्क क्रमांकाला चिकटलेला आहे, हे सूत्र ज्याला उमगले त्याचा अर्धा अभ्यास झाला.

संपूर्ण यादी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत चाळण्यासाठी सेटपीडब्ल्यूएंट, गेटपीडब्ल्यूएंट आणि एंडपीडब्ल्यूएंट हे त्रिकूट आहे. त्याला एक छोटे प्रकरण पुरेसे वाटले. हजारो खाती असलेल्या मोठ्या संस्थेत सारी यादी चाळणे हा मध्यवर्ती दप्तरावर अकारण टाकलेला भार होय, आणि असल्या दप्तरातून खाती आणून देणाऱ्या एसएसएसडीसारख्या आधुनिक सेवा अशी चाळणी मुळातच बंद ठेवतात. म्हणून एका माणसाचा शोध घेण्यासाठी हे त्रिकूट कोणी वापरू नये.

पासवर्डच्या रकान्याचा इतिहास मात्र थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. युनिक्सच्या अगदी आरंभीच्या काळात तेथे खरोखरचे पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले असत. हे धोक्याचे आहे याची जाणीव होण्यास एक जुना प्रसंग कारण झाला : मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेत १९६० नंतरच्या दशकात सीटीएसएस नावाची प्रणाली होती, तिच्यावर एक व्यवस्थापक पासवर्डची फाईल दुरुस्त करीत असता दुसरा दिवसाच्या सूचनेची फाईल दुरुस्त करीत होता, दोघांच्या कच्च्या प्रतींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा प्रसंग सांगून, पासवर्ड साठवावयाचाच नाही, त्याचे उलट न फिरवता येणारे रूपांतर तेवढे साठवावयाचे, ही रीत मांडली. त्या रूपांतरात मिसळावयाच्या यादृच्छिक चिमटीला त्यांनी मीठ म्हटले, आणि त्या मिठाचे ४०९६ प्रकार ठेवले. पुढे यंत्रे वेगवान झाली, रूपांतरावरून अंदाज बांधणे सुकर झाले, तेव्हा तो रकानाच सर्वांना खुल्या असलेल्या फाईलीतून काढून शॅडो नावाच्या बंद फाईलीत हलवण्यात आला. आज पासवर्डच्या जागी बहुधा एक्स हे एकच अक्षर आढळते. फाईलीचे नाव मात्र अजून पासवर्डचेच आहे.

पाचव्या रकान्याला जेकॉस म्हणतात. ते नाव जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका निराळ्याच कार्यप्रणालीचे; बेल प्रयोगशाळेत छपाईची कामे त्या यंत्राकडे पाठवावी लागत आणि त्यासाठी तिकडच्या खात्याची ओळख या रकान्यात लिहून ठेवीत. ते यंत्र गेले, ती कंपनी संगणकाच्या धंद्यातून बाहेर पडली, रकान्यात माणसाचे पूर्ण नाव येऊ लागले, तरी जेकॉस हा शब्द टिकून आहे. फारसीचे राज्य जाऊन दोन शतके लोटली तरी आपल्या महसुली दप्तरात खसरा, तहसील, वसूल, नक्कल हे शब्द जसे सुखाने नांदत आहेत, तसेच हे आहे. दप्तराला जुना शब्द टाकवत नाही, कारण जुन्या कागदाचा धागा त्या शब्दालाच बांधलेला असतो. आणि मला तरी यात दोष दिसत नाही.

याच पाचव्या रकान्यात मराठी माणसाचा प्रश्न उभा राहतो, आणि जी इंग्रजी पुस्तके मी वाचली त्यांत त्याचा उल्लेख मला आढळला नाही. लॉगिनचे नाव सर्वसाधारणपणे रोमन लिपीतील लहान अक्षरांतच घ्यावे लागते, पण पूर्ण नाव देवनागरीत लिहिण्यास यूटीएफ-८ या लेखनपद्धतीमुळे आडकाठी नाही. तथापि दोन सावधगिऱ्या अवश्य आहेत. पहिली विसर्गाची. देवनागरीचा विसर्ग आणि रोमन अपूर्णविराम डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात. घाईने टंकलेखन करणारे कित्येक लोक ‘दुःख’ हा शब्द विसर्गाच्या जागी अपूर्णविराम घालून लिहितात, आणि कागदावर ते खपूनही जाते. पासडब्ल्यूडी फाईलीत मात्र अपूर्णविराम ही रकान्याची भिंत आहे. फाईल हाताने दुरुस्त करणाऱ्याने पूर्ण नावाच्या रकान्यात विसर्गाऐवजी तो टाकला, की नावाचे दोन तुकडे होऊन पुढचे सारे रकाने एकेका घराने सरकतात, होम डिरेक्टरीच्या जागी नावाचा उत्तरार्ध येऊन बसतो आणि त्या माणसाचे लॉगिन बिघडते. दुसरी सावधगिरी लांबीची. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘आंबागड’ हा शब्द रोमन लिपीत सात बाइटांत बसतो. देवनागरीत त्याला अठरा लागतात.

ही लांबी कोठे नडते, हे समजण्यासाठी या फंक्शनांच्या एका जुन्या खोडीकडे वळले पाहिजे. गेटपीडब्ल्यूनेम जी नोंद देते ती तुमच्या हाती देत नाही. कचेरीतील एका पाटीवर लिहून ती पाटी तुम्हाला दुरून दाखवते. पाटी एकच आहे. तुम्ही एका माणसाची नोंद विचारली, तिच्याकडे बोट रोखून ठेवले, आणि मग दुसऱ्याची विचारली, तर पहिली पुसली जाऊन दुसरी लिहिली जाते, आणि तुमची दोन्ही बोटे आता एकाच माणसाकडे रोखलेली असतात. दोन खात्यांची तुलना करणारा प्रोग्राम अशा वेळी ती दोन्ही एकच असल्याचा निर्वाळा देतो. एकाच प्रोग्रामात अनेक सूत्रे, म्हणजे थ्रेड, समांतर चालू लागल्यावर ही अडचण असह्य झाली, आणि मग ज्यांच्या नावाच्या शेवटी आर हे अक्षर येते ती नवी फंक्शने मानकात दाखल झाली. गेटपीडब्ल्यूनेम-आर या फंक्शनाला मागणाराने आपली पाटी आपण घेऊन जावयाची असते. पाटी लहान पडली तर ते ई-रेंज ही खूण परत करते, म्हणजे मोठी पाटी घेऊन पुन्हा यावे. रोमन नावांवर चाचणी घेऊन आखूड पाटी ठरवून टाकलेला प्रोग्राम देवनागरीतील लांब नाव समोर येताच अडखळतो तो येथेच. त्याचा कर्ता त्या खुणेकडे लक्ष देणारा असेल तर पाटी वाढवून पुन्हा विचारतो. नसेल तर त्या माणसाचे खातेच नाही असे समजतो.

आणि हे पुस्तक ज्या एका कारणासाठी लिहिले, तेथे आता आपण येऊन पोहोचलो.

नोंद सापडली नाही तर गेटपीडब्ल्यूनेम नल परत करते, म्हणजे रिकामा हात दाखवते. दप्तर उघडता आले नाही, स्मृती अपुरी पडली, फाईली उघडण्याची मर्यादा संपली, तरीही नलच. उत्तर एक, अर्थ दोन. असा माणूस नाही, हा एक. तो आहे की नाही हे पाहता आले नाही, हा दुसरा. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी एर्नो नावाचे एक चल आहे. विचारण्यापूर्वी त्यात शून्य ठेवावे, आणि रिकामा हात आल्यास ते पाहावे. तेथे शून्य असेल तर माणूस खरोखरच यादीत नाही, असा मानकाचा संकेत. प्रत्यक्षात निरनिराळ्या प्रणाली याही वेळी निरनिराळे आकडे तेथे ठेवतात, आणि लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत तशा आकड्यांची मालिकाच दिलेली आहे. आर-युक्त फंक्शन या बाबतीत अधिक सरळ आहे : ते शून्य परत करून नोंदीच्या जागी नल ठेवील तर माणूस नाही, शून्येतर आकडा परत करील तर शोधातच बिघाड झाला.

सारी खाती एकाच यंत्रावरील एकाच फाईलीत होती तोवर हा भेद पुस्तकी वाटे, कारण ती फाईल सहसा उघडतेच. परंतु आज मोठ्या संस्थांत खाती मध्यवर्ती दप्तरात असतात आणि यंत्रे जाळ्यावरून त्यांची पृच्छा करतात. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसमध्ये रूढ झालेली आणि ग्नू सी लायब्ररीने स्वीकारलेली नेम सर्व्हिस स्विच ही व्यवस्था, प्रथम गावचे दप्तर पाहावे व तेथे न मिळाल्यास जिल्ह्याच्या दप्तराला विचारावे, असा क्रम एका फाईलीत लिहून ठेवू देते. या व्यवस्थेच्या अंतर्भागात उत्तरे चार आहेत : मिळाले, नाही, दप्तर उपलब्ध नाही, थोड्या वेळाने या. किती शहाणी वाटणी आहे ही! आणि किती खेदाची गोष्ट, की बाहेर येता येता या चारांपैकी शेवटच्या तीन उत्तरांचा एकच रिकामा हात होतो.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहत असता तेथे रात्री चालणारा एक प्रोग्राम होता. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टऱ्या जागा अडवून बसतात म्हणून, प्रत्येक डिरेक्टरीच्या मालकाचा क्रमांक घेऊन गेटपीडब्ल्यूयूआयडीला विचारावे आणि नोंद न मिळाल्यास ती डिरेक्टरी काढून टाकावी, एवढेच त्याचे काम. तो दोन वर्षे बिनतक्रार चालला. एका रात्री खात्यांचे मध्यवर्ती यंत्र बंद पडले. त्या रात्री विचारलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याविषयी रिकामा हात आला, आणि सकाळी परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलांचे वर्षभराचे प्रकल्प नाहीसे झालेले होते. जुन्या प्रतींवरून काही परत मिळाले, बरेच मिळाले नाही. खेड्यांतून रोज एस.टी.ने येऊन संध्याकाळच्या दोन तासांत काम करणारी मुले होती ती. तो प्रोग्राम मी लिहिला होता. एर्नो पाहणारी एक ओळ त्यात नव्हती.

त्यानंतर मी आंबागडच्या किल्ल्यावर अनेकदा गेलो आहे. देवगडचा राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा बंदीशाळेसारखा उपयोग केला, आणि विहिरीचे साचलेले विषारी पाणी कैद्यांना प्यावे लागे असे गॅझेटिअरात नमूद आहे. किल्ला पाहावयास येणाऱ्याला राजाखानाचे नाव सांगतात. त्या कैद्यांपैकी कोणाचेही सांगत नाहीत. म्हणून ते नव्हते असे म्हणण्यास कोणी धजावेल काय? आपल्या हाती नोंद न येणे ही आपल्या शोधाची स्थिती आहे, त्या माणसाची नव्हे, हे मला आमच्या प्रयोगशाळेने शिकवले आणि या विहिरीच्या काठाशी पुरते पटले.

नोंद न मिळण्याचा चुकीचा अर्थ इतरत्रही लावला जातो. टपालाचेच पाहा. ई-पत्र स्वीकारणाऱ्या यंत्राने पाचाने सुरू होणारा आकडा उत्तरादाखल दिला, तर पत्ता कायमचा चुकीचा असे समजून पत्र परत फिरते. चाराने सुरू होणारा दिला, तर पाठवणारे यंत्र थांबून पुन्हा प्रयत्न करते. खात्यांचे दप्तर क्षणभर बंद असता जो प्रोग्राम पाचाचा आकडा देतो, तो हयात माणसाला बेपत्ता ठरवतो. याच्या उलट दिशेची चूकही घडते. २०१७ साली सिस्टिमडी या लिनक्सवर सेवा चालू करणाऱ्या, सर्वत्र प्रचारात असलेल्या व्यवस्थेविषयी असे उघडकीस आले, की एखादी सेवा कोणाच्या खात्यावर चालवावी या ठिकाणी आकड्याने सुरू होणारे नाव लिहिले असता ते नाव अवैध समजून ती सूचनाच दुर्लक्षिली जाई, आणि सेवा थेट शून्य क्रमांकाच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, हक्काने चालू होई. पुढे हा शिरस्ता बदलण्यात आला. नाव न पटल्यास काम थांबवावे, हाच एक निर्दोष मार्ग होता. नाव न पटल्यास किल्ल्याच्या किल्ल्या हाती द्याव्यात, हे कोणत्याही दप्तराला शोभणारे नव्हते.

पुस्तकाच्या भाषेविषयी थोडे. नोंद, रकाना, खाते, दप्तर हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत, कारण ते आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला न शिकवता कळतात. फाईल, प्रोग्राम, फंक्शन, पॉइंटर यांना संस्कृत प्रतिशब्द घडवण्याच्या भरीस मी पडलो नाही, कारण तेही त्याच्या कानांवरून गेलेले आहेत. तुमसर, भंडारा, गोंदिया येथील महाविद्यालयांतून सी भाषा शिकणारे, परंतु इंग्रजी माहितीपुस्तिका वाचताना ओळीओळीला ठेचकाळणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लेखन झाले आहे. नल आल्यानंतर काय करावे, हे प्रकरण इतरांच्या मानाने तिप्पट लांब आहे. ते कोणी गाळू नये, एवढी विनंती.

वाचकाने पुढचे पान उलटण्यापूर्वी लिनक्सचे एखादे यंत्र मिळवावे, टर्मिनल उघडावे, आणि गेटएंट ही आज्ञा देऊन तिच्यापुढे पासडब्ल्यूडी हा शब्द व आपले लॉगिनचे नाव रोमन अक्षरांत लिहावे. सात रकान्यांची एक ओळ समोर येईल. तिच्यातील पाचवा रकाना रिकामा किंवा रोमन लिपीत असल्यास, व्यवस्थापकाची परवानगी घेऊन, तेथे आपले पूर्ण नाव देवनागरीत लिहावे. नावात विसर्ग असेल तर तो विसर्गच आहे याची खात्री करून घ्यावी.

आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा